बिअरच्या वाटेनं, पण दारूविना: घरी गव्हाचं माल्ट आणि ज्वारीचं आंबूस पेय

ज्वारीच्या कण्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, शिजून घट्ट झालेल्या असतात. पळी उचलली की गोळ्यागोळ्यानं खाली पडतात. त्यात मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं थोडं पीठ घालायचं, नीट ढवळायचं आणि थांबायचं. दहा मिनिटांत पळीवरून धार लागायला लागते. वीस मिनिटांत सगळं वरणाच्या पाण्याइतकं पातळ होतं. वरून थेंबभर पाणी घातलेलं नसतं. बोट बुडवून चाखलं तर गोड लागतं, आणि साखरही घातलेली नसते.

बिअर बनवणारे जगभर रोज हेच करतात. पुण्यात नोकरीला होतो तेव्हा एका छोट्या ब्रूअरीत हे पहिल्यांदा पाहिलं. मोठ्या टाकीत दलिया ढवळत होते, वाफेला भाजक्या भाकरीचा वास येत होता. टाकीच्या नळातून वाटीभर कोमट, गोड रस काढून त्यांनी चाखायला दिला. त्यात तोवर दारूचा अंशही नव्हता. यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारं खमीर, पुढं पडतं, दारू त्यानंतर होते. पण मला जे आवडलं ते सगळं त्याआधीच घडून गेलं होतं: दाणा जागा होणं, त्याला वाळवून थांबवणं, त्यातलं पीठ गोड होणं. गावी परतल्यावर तेवढंच घरी करायचं ठरवलं.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात आहे. जिल्ह्यात दारूबंदी आहे. पण बंदीचा जिल्हा नसता तरी फरक पडला नसता, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय घरी दारू गाळणं किंवा बिअर बनवणं हा गुन्हाच आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांनी, त्यातही बायांनी, वर्षानुवर्षं लावून धरली म्हणून. त्यांनी ती का मागितली हे विदर्भातल्या कुठल्याही गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. म्हणून या लेखात यीस्ट कुठंच नाही. आपण बिअरच्या वाटेनं निम्म्याहून जास्त जाऊ, आणि जिथं यीस्ट पडतं तिथून दह्याच्या वाटेला वळू. जर्मनीतल्या बर्लिनची एक गव्हाची बिअर मुद्दाम आंबट करतात. तो आंबटपणा देणारे जिवाणू आपल्या विरजणातल्या जिवाणूंचेच भाऊबंद आहेत.

काय काय जमवायचं

दोन लिटर पेयासाठी २०० ग्रॅम माल्ट केलेला, म्हणजे मोड आणून वाळवलेला, गहू आणि ३०० ग्रॅम ज्वारीच्या कण्या लागतात. पहिल्या खेपेला गहू अर्धा किलो भिजवा, म्हणजे दोन घाण्यांची सोय होते. दोन संत्र्यांची वाळलेली साल, चमचाभर धने, बोटाच्या पेराएवढं आलं, दोन चमचे ताज्या दह्याचं निवळ पाणी. भांडी सगळी स्टीलची घ्या. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत किंवा ॲल्युमिनियममध्ये ठेवायचा नाही.

एक वस्तू मात्र विकतच घ्यावी लागेल: ११० अंशांपर्यंतचा, लाल स्पिरिटचा थर्मामीटर. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. ताप मोजायचा थर्मामीटर ४२ अंशांच्या पुढं जात नाही, गरम कण्यांत तो फुटेल. सुरुवातीला मी बोट बुडवून अंदाज घेत होतो. तीन घाण्यांपैकी दोन पातळच झाले नाहीत. हा एक खर्च टाळू नका.

गव्हाबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतला गहू कधीही वापरायचा नाही. त्याला बुरशीनाशकाचं लाल-गुलाबी औषध चोळलेलं असतं, आणि धुऊन ते जात नाही. खायचाच गहू घ्या, तोही मागच्या वर्षीचा. काढणीनंतरचे काही आठवडे नवा गहू झोपेत असतो, सगळे दाणे सारखे मोड धरत नाहीत.

आणि ज्वारीलाच मोड का आणायचे नाहीत, असा प्रश्न येईल. आफ्रिकेत ज्वारीचं माल्ट शेकडो वर्षांपासून करतात. पण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात धुरिन नावाचा पदार्थ असतो आणि त्यातून सायनाइड सुटतं. ढोर कोवळ्या ज्वारीत शिरलं की आपण धावत जातो, ते याच विषापायी. कोंब चोळून काढणं, वाळवणं, उकळणं यानं ते कमी होतं. पण नव्या माणसानं त्या फंदात पडू नये. ज्वारी आपण कण्या म्हणूनच घेणार आहोत, आणि मोडाचं काम गव्हाकडून करून घेणार आहोत. गहू ते काम ज्वारीपेक्षा चांगलं करतो.

गव्हाचं माल्ट

हे काम हिवाळ्याचं. दिवाळीपासून माघापर्यंत आपल्याकडं रात्री गार असतात आणि दाणा सावकाश, सारखा फुटतो. मे महिन्यात एकदा करून पाहिलं. दुसऱ्या दिवशीच टोपल्यातून आंबूस वास यायला लागला आणि तिसऱ्या दिवशी काळी बुरशी. उन्हाळ्यात करायचंच असेल तर टोपलं कूलरच्या वाऱ्यात ठेवा, पण खात्री नाही.

गहू निवडून तीन-चार पाण्यांनी धुवा. तरंगणारे दाणे काढून टाका. मग भरपूर पाण्यात भिजत घाला. सहा तासांनी पाणी ओतून दाणे तासभर उघडे ठेवा, पुन्हा नवं पाणी घाला. दाण्यालाही श्वास लागतो. सलग बुडून राहिला तर गुदमरतो. असं बारा ते सोळा तास. दाणा नखानं दाबला की पिचला पाहिजे, आणि मध्ये कोरडा पांढरा ठिपका दिसता कामा नये.

आता ओलं सुती कापड अंथरलेल्या टोपल्यात दोन बोटं जाडीचा थर करा, वरून ओलं कापड झाका. घरातल्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ हातानं वरखाली करायचं आणि पाणी शिंपडायचं. वरखाली केलं नाही तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि मधला ढीग गरम होतो. हात आत घातला की ती ऊब जाणवते. मटकीला मोड आणणाऱ्या कुणालाही यातलं बरंच ओळखीचं वाटेल, पण फरक इथं आहे की मटकी आपण मोडासाठी खातो आणि इथं मोड फेकून द्यायचे आहेत. आपल्याला हवंय ते दाण्याच्या आत.

आत काय चाललेलं असतं? कोंबाला वाढायला अन्न हवं, आणि अन्न तर पिठाच्या रूपात बंद आहे. ते कुलूप उघडायला दाणा स्वतःच किल्ल्या तयार करतो. पायेन आणि पेरसो या दोघा फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८३३ साली मोड आलेल्या जवातून अशी एक किल्ली वेगळी काढली आणि तिला डायस्टेज नाव दिलं. अशा किल्ल्यांना एन्झाइम म्हणतात, आणि माणसानं वेगळं काढलेलं ते पहिलं. पचनाच्या औषधांच्या बाटल्यांवर हे नाव आजही छापलेलं दिसतं.

तीन दिवसांत कोंब दाण्याच्या लांबीएवढा होत आला की थांबवायचं. त्यापुढं गेला तर दाण्यातलं पीठ कोंबच खाऊन टाकतो. थांबवायचं म्हणजे वाळवायचं. स्वच्छ चादरीवर एक थर पसरून उन्हात ठेवा, रात्री घरात घ्या. हिवाळ्याच्या उन्हात दोन-तीन दिवस लागतात. ओला असताना त्याला विस्तवाजवळ नेऊ नका. ओल्या दाण्याला जास्त उष्णता लागली तर ती किल्ली बिघडते. दाताखाली कडकन फुटला की वाळला. मग जाड कापडात बांधून चोळा आणि सुपात पाखडा. मुळ्या-कोंब कोंड्यासारखे उडून जातात. ते राहिले तर पेय कडवट होतं.

कुठंही गुलाबी, काळी किंवा हिरवी बुरशी दिसली, किंवा कुबट वास आला, तर तो सगळाच गहू फेकून द्यायचा. ढोरालाही घालू नका. बुरशीचं विष उकळून जातंच असं नाही.

वाळलेल्या माल्टमधला मूठभर वेगळा काढून तव्यावर मंद आचेवर तांबूस भाजा. हा रंग आणि वासासाठी आहे. भाजल्यावर त्यातली किल्ली मरते, म्हणून उरलेलं सगळं बिनभाजकंच राहू द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात ते दोन महिने चांगलं राहतं. दळायला चक्कीवर नेऊ नका, एवढ्यासाठी कुणी चक्की लावत नाही आणि पाळूत आधीचं पीठ असतं. मिक्सरमध्ये रवाळ काढा.

कण्या पातळ होतात तो तास

सकाळी वेळ काढून हे करा, घाईनं नको. ३०० ग्रॅम कण्या दोन लिटर पाण्यात कुकरला सहा शिट्ट्या होईपर्यंत शिजवा, पाणी एका खेपेत मावत नसेल तर दोन खेपांत. कण्या पूर्ण मऊ व्हायलाच हव्यात. ज्वारीचं पीठ उष्णतेनं फुगून मोकळं झाल्याशिवाय एन्झाइमला त्यात शिरकाव मिळत नाही. कच्चट कण्या कितीही वेळ ठेवल्या तरी तशाच राहतात.

गंजात काढून ढवळत ढवळत निवू द्या. पारा ६८ वर आला की २०० ग्रॅम माल्टचं पीठ, त्यातच भाजक्याचे दोन चमचे, हळूहळू घालत ढवळा. पीठ गार असल्यानं पारा ६६ च्या आसपास उतरतो, आणि आपल्याला तेच हवं आहे. ७५ च्या पुढं एन्झाइम झपाट्यानं मरतं. ५० ला ते आळसावतं आणि जिवाणूंचं फावतं. ६२ ते ६७ ही त्याची कामाची वेळ म्हणा.

आणि मग ती दहा मिनिटं. आजही मी घरात कुणी असेल त्याला हाक मारतो. शेजारची पोट्टी गंजाभोवती उभी राहतात आणि पळी प्रत्येकाला हातात हवी असते. आईनं पहिल्यांदा चाखलं तेव्हा ती म्हणाली, “बाबू, हे तं महालक्ष्मीची आंबील होय. फक्त गोड झाली.” तिचं बरोबर होतं. गौरींच्या नैवेद्याला आपल्याकडं ज्वारीची आंबील लागतेच, आणि बिअरसुद्धा धान्याची आंबीलच आहे, वेगळ्या गावात वाढलेली.

पातळ झाल्यावर झाकण ठेवून गंज गोधडीत गुंडाळा आणि तासभर राहू द्या. मध्ये एकदा पारा बघा. ६० च्या खाली गेला असेल तर मंद आचेवर, ढवळत, वर आणा. तासानं वरचं निवळ पाणी चमचाभर पांढऱ्या बशीत घ्या आणि त्यात जखमेला लावतात त्या पोव्हिडोन आयोडीनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर पीठ अजून शिल्लक आहे, आणखी अर्धा तास द्या. तांबूसच राहिलं तर पीठ उरलं नाही. बशीतलं फेकून द्या, पिऊ नका. शाळेत हा प्रयोग बटाट्यावर केलेला असतो. इथं तोच प्रयोग आपल्या सकाळच्या कामाचा निकाल सांगतो, आणि तांबडा थेंब तांबडाच राहतो तेव्हा मला अजूनही आनंद होतो.

आता स्वच्छ, उकळून घेतलेल्या सुती कापडातून गाळा. गव्हाला जवासारखं टरफल नसल्यानं गाळणं हळू होतं. कापडाच्या चार टोकांना गाठ मारून खुंटीला टांगा, चक्का टांगतो तसं. चोथ्यावर अर्धा लिटर गरम पाणी ओतून उरलेला गोडवा उतरवून घ्या. पिळू नका, रस गढूळ होतो. चोथा त्याच दिवशी गाईला घाला किंवा थालीपिठाच्या पिठात मळा. तो फार लवकर आंबतो.

इथंच थांबायचं असेल तरी हरकत नाही. हा रस दहा मिनिटं उकळून, वेलची घालून गरम प्यायला तरी हिवाळ्याच्या सकाळी उत्तम लागतो. लहान मुलांना मी तो असाच देतो.

दह्याच्या वाटेला

आंबूस करायचं असेल तर गाळलेला रस दहा मिनिटं उकळा, झाकून ४२ अंशांपर्यंत निवू द्या आणि त्यात दह्याचं निवळ पाणी दोन चमचे मिसळा. उकळत्या पाण्यानं धुतलेल्या स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा कमी राहते. झाकण लावा, पण घट्ट आवळू नका.

हिवाळ्यात हा डबा गोधडीत, गरम पाण्याच्या बाटल्यांसोबत ठेवावा लागतो आणि तरी धाकधूक असते. पण वैशाखात? आमच्या स्वयंपाकघरात दुपारी पारा स्वतःच ४० च्या पुढं असतो. ज्या उन्हानं मेमध्ये मोड कुजवले, तेच ऊन आंबवण्याच्या कामी येतं. म्हणून मी माल्ट हिवाळ्यात करून डब्यात ठेवतो आणि उरलेलं उन्हाळ्यात करतो. तोवर दोन महिने उलटतात, म्हणून शेवटचं माल्ट माघातलं असतं. विदर्भाच्या हवेत या छंदाचे दोन्ही अर्धे बसतात, फक्त वेगवेगळ्या महिन्यांत.

बारा तासांनी चमच्यानं चाखा. ताकासारखा, लिंबासारखा स्वच्छ आंबटपणा हवा. शेतीच्या दुकानात आंबटपणा मोजायचा पीएच कागद मिळाला तर घ्या. रंग ४ च्या खाली, साधारण साडेतीनच्या जवळ आला की झालं. पीएच ही मोजणी १९०९ साली सोरेनसन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती. माती परीक्षणाच्या अहवालात आपण जो आकडा वाचतो, तो मुळात तिथून आला आहे.

चोवीस तासांच्या पुढं ठेवू नका. वर फेस धरला, बुडबुडे सुटायला लागले, खमिराचा वास आला, तर हवेतलं यीस्ट शिरलं आणि दारू व्हायला सुरुवात झाली असं समजा. तो घाणा ओतून द्या. सडका किंवा उलटीसारखा वास आला तरी तेच. चाखून खात्री करत बसायचं नाही.

आंबट झाल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं उकळायचं. यानं जिवाणू मरतात आणि आंबणं थांबतं. ही उकळी कधीच चुकवू नका. याच उकळीत शेवटच्या पाच मिनिटांत संत्र्याची साल, भरडलेले धने आणि ठेचलेलं आलं टाका. बेल्जियममध्ये गव्हाच्या बिअरला संत्र्याची साल आणि धनेच घालतात. तिथल्या लोकांना साल दूरदेशाहून आणावी लागली असेल. आपल्याकडं काटोल, वरूड, मोर्शीच्या बागांतून ढीगच्या ढीग येतो. सालीची फक्त वरची केशरी पातळ पापुद्री सुरीनं काढा आणि सावलीत वाळवा. आतला पांढरा भाग कडू. बिअरमध्ये कडवटपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा असतो. तसा थोडा हवा असेल तर पांढऱ्याचा एक तुकडा राहू द्या, अर्ध्या नखाएवढा.

गाळा, गार करा, फ्रीजमध्ये ठेवा. चार दिवसांत संपवा. लोडशेडिंगच्या दिवसांत दोनच. बाटलीचं बूच घट्ट लावून बाहेर कधीच ठेवू नका: उघडताना कुठून तरी यीस्ट शिरतं, दारू होते, आणि दाबानं काचेची बाटली फुटते.

प्यायला देताना अर्धा ग्लास पेय, अर्धा ग्लास थंड सोडा. गावच्या आठवडी बाजारात गोळीची सोडा बाटली मिळत असेल तर तीच घ्या. चिमूटभर काळं मीठ. हे पेय गोडच आहे, त्यामुळं साखरेचा आजार असलेल्यांनी बेतानं घ्यावं. गहू ज्यांना सोसत नाही त्यांना देऊ नये.

पुढचा घाणा

वही ठेवा. तारीख, गव्हाचं वजन, मोड किती दिवसांत आले, कण्यांत पीठ घातलं तेव्हा पारा किती होता, आंबायला किती तास लागले. एका घाण्यात एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळं काय झालं ते कळत नाही. माझा पुढचा बदल कण्यांच्या जागी बाजरीचा भरडा हा आहे. आईला त्यात रस नाही. तिनं तिच्या आंबिलीत घालायला माल्टचं वाटीभर पीठ मागितलंय आणि डब्यावर चिठ्ठी लावून ते वेगळं ठेवायला सांगितलंय.